अर्धी दाढी

रमजानभर अजान झाली की आमच्या पिंगळी गावचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून मशिदीत पळायचा. ईद झाली आणि गड्याचं मन नमाजावरून उडालं. आता अजानीच्या जरा आधी तो मुद्दाम कुणाला तरी खुर्चीत बसवतो. काल मीच सापडलो. गालाला साबण लागला, अजान सुरू झाली आणि वस्तरा हवेतच थांबला.

“तुमाला असं सोडून कसं जाऊ, सर?”

“जा की. मला कुठं घाई हाय?”

आरशातून त्यानं असं बघितलं, जसा काही मी त्याचा घातच केला. मग टॉवेल आपटून गेला.

आज त्याच वेळी मी दुकानावरून चाललो होतो. मला बघून त्यानं मान फिरवली आणि माझ्या मागच्याला हाक मारली, “या मामा, बसा!”