‘कहाँ चले’ विचारणारे गृहस्थ

मध्य प्रदेश नवा-नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी आणि माझा मित्र सायकलवरून पुण्याला निघालो, त्याच दिवशी इंदुरात पूर आला. पण महिनाभर अख्ख्या मल्हारगंजात बढाया मारल्यावर घरी बसायला तोंड नव्हतं.

कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. स्वतः ओलेचिंब, पण छत्री भिजू नये म्हणून मिटून काखेत धरलेली. आम्ही पाण्यातून सायकली ढकलत आलो, तर गालातली सुपारी सरकवून म्हणाले, “कहाँ चले, भिया?”

निघणाऱ्याला ‘कुठे’ विचारलं की काम फिसकटतं, हे आईचं पक्कं मत. तिनं दारातून हाक मारून आम्हाला परत नेलं, बसवलं, पाणी पाजलं. पुन्हा निघालो, पुन्हा तीच सुपारी, तोच प्रश्न, पुन्हा घर. तिसऱ्या वेळी चिवड्याचा डबा पाण्यात पडला आणि माझं डोकं फिरलं.

“पुणे जा रहे हैं, बाबूजी. महू होकर पुणे. और कुछ?”

“महू वाली पुलिया तो सुबह ही बह गई,” ते शांतपणे म्हणाले.

“वाहून जाणारच,” मागून आई म्हणाली. “तीनदा विचारलं ना त्यांनी.”

मला ते लगेच पटलं. गल्लीतही मी तेच सांगितलं. खरं तर महूपर्यंतच माझा दम संपला असता. ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. दिसते तर पाया पडलो असतो.