मॉरीनची सीट

इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात क्लिफर्ड ट्रँटरइतका कर्मठ कोणी नव्हता. त्याच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारला साधा नवा स्क्रूही चालत नसे. मग त्याच्या बायकोच्या, मॉरीनच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या बुटक्या गाडीत तिला बसता येईना.

"तू जा रे, मी घरी बरी आहे," ती म्हणायची. काही रविवार तो एकटाच आला, चहा न पिताच परतला.

एका रविवारी मात्र दोघं आली. क्लिफर्डने मूळची सीट काढून उंच, दाराकडे फिरणारी सीट स्वतः बसवली होती.

"गाडी बाटवलीस की रे!" मी म्हणालो.

"बाटू दे. शेजारी ही नसली तर चालवायची कोणासाठी?"

मॉरीन हसली. "आता मला रस्ता दिसतो ना, याचं चालवणं बघून धडकीच भरते!"