राक्षसलोकात दिलेलं निवेदन

पुतणी सातवी पास झाली आणि घरी बसली. वाडीतली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला इंदापूर, आणि सकाळची बस बंद झालेली. बस चालू करा म्हणून मी पत्रकं काढत होतो, निवेदनं देत होतो, पोचपावत्या फायलीला लावत होतो.

पुतणी माझी पत्रकं वाचायची नाही. बारामतीच्या सभेहून येताना मी तिला एक जुनं पुस्तक आणलं होतं. त्यात तिच्याच वयाची मुलगी शेवटच्या पानावर राक्षसलोकात पडते आणि वरचं फाटक बंद होतं. पुढचा भाग कुठंच मिळेना.

"काका, तुमीच लिवा की. तसंबी रोज लिवताच."

लिहिला. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. माझ्या राक्षसलोकात तीन डोक्यांचा द्वारपाल होता. प्रत्येक डोकं म्हणायचं, हे काम शेजारच्याचं. शेपटीनं शिक्के मारणारे कारकून होते. एक साहेब जेवणात स्वतःचीच सावली खायचा, त्यामुळं दुपारनंतर सापडायचा नाही. माझ्या गोष्टीतली मुलगी न डगमगता राक्षसराजाला निवेदन देते. सात मागण्या. मला वाटलं, भारी जमलंय.

सावली खाणाऱ्या साहेबाला पुतणी खूप हसली. मग म्हणाली, "पर सुटली का न्हाय?"

"पोच मिळाली ना तिला."

"पोच घिऊन काय करू तिनं? चाटू?"

पुढच्या प्रकरणात मी मोर्चा काढला. त्याच्या पुढच्यात वटवाघळांच्या सह्या गोळा केल्या. फाटक बंदच. माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. इकडं शाळा सुरू होऊन महिना होत आला होता. या वर्षी पटावर नाव लागलं नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की आमच्याकडं मुलीचं पुढं काय होतं ते मी स्वतः ठळक अक्षरांत छापलेलं आहे.

पाचवं प्रकरण तिनं वाचून परत दिलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: राजाला कशाला विचारते? कडी तर तिच्या बापानं लावली आहे.

तालुक्यातल्या टेबलाटेबलापुढं मी ओरडलो होतो. आणि माझा थोरला भाऊ, तिचा बाप, ज्याच्या शब्दानं ती घरात होती, त्याच्याशी यावर एक वाक्य बोललो नव्हतो. आमच्यात थोरल्यापुढं तोंड उघडत नाहीत. जेवताना मी ताटात बघतो. सगळी क्रांती उंबऱ्याबाहेर.

दुसऱ्या दिवशी तो डाळिंबात ठिबकच्या नळ्या साफ करत होता.

"दादा, तिला शाळेत घालू."

त्यानं नळीत फुंकर मारली. "जाणार कशी?"

"बस चालू झाली की..."

"कवा हुईल?"

मी खिशातली पोचपावती चाचपली.

"तुज्या कागदावर बसून जाईल व्हय इंदापूरला? तू सोड. रोज. आणायचं बी तूच. मीटिंग असू दे न्हायतर मोर्चा. एक खाडा झाला की शाळा बंद. हाय तयारी?"

खूप म्हणायचं होतं. रस्ता असुरक्षित, तर कोंडायचं पोरीलाच का? कडी लावणाराच अटी घालणार का?

"व्हय," म्हणालो.

सोमवारी मोटरसायकल काढली. बससाठीचं धरणं बारामतीला त्याच सकाळी, त्याच वेळेला होतं. मीच ठरवलेलं. मी जाणार नव्हतो, आणि मी नाही म्हटल्यावर किती जण बसतील ते मला ठाऊक होतं.

पुतणी मागं बसली, मधे दप्तर. वाडीच्या वळणावर तिच्या वर्गातल्या, सातवीनंतर घरीच बसलेल्या तिघी उभ्या होत्या. एकीच्या डोक्यावर शेणाची पाटी. मागं जागा एकच. पुतणीनं हात हलवला नाही, माझा शर्ट घट्ट धरला. मीही त्यांच्याकडं न बघता गिअर टाकला.