ओब्दुलियाच्या फळीवरचा न्हावी

हिबारा बंदराच्या धक्क्याला लागून ओब्दुलियाचं तंबाखूचं दुकान होतं. दिवसभर तिथे माणसांची ये-जा असे. कुणी तंबाखू न्यायचं, कुणी काडेपेटी, कुणी नुसतंच दाराला टेकून आदल्या दिवशीच्या भांडणाची चव घेत उभं राहायचं. पण बंदरावरचं ऊन कललं की एकेक जण काढता पाय घ्यायचा. दिवेलागणीला त्या दुकानात पाऊल टाकायची गावात कुणाची छाती नव्हती. भले भले मिशीवाले खलाशी समोरच्या फुटपाथवर टोपी हातात घेऊन उभे राहत आणि आतला दिवा पेटून विझेपर्यंत उंबरा ओलांडत नसत.

आत फळीवर होता तो न्हावी. हे नाव गावानं ठेवलेलं, चिरुटांची टोकं छाटतो म्हणून. मूळचं ते एक यंत्र, नारळाएवढं, लोखंडी अंगाचं, पितळी टोपीचं. पुढे ओळीनं तीन भोकं, एक बारक्या चिरुटासाठी, एक मधल्या, एक जाडजूड चिरुटासाठी. सकाळी किल्ली दिली की झालं. मग चिरुटाचं टोक भोकात घालून जरा दाबायचं. आतलं पातं खट् करून फिरायचं, टोक खालच्या ताटलीत पडायचं, आणि त्याच झटक्यात वरची टोपी उघडून चकमकीची ठिणगी वातीवर पडायची. डोकं उडालं आणि दिवाही लागला, असं लोक हसून म्हणत. ते हसण्याचे दिवस जुने झाले.

ओब्दुलियाचा नवरा एवेलियो चिरूट वळणारा. गावातला एकुलता एक कारखाना चालू होता तोवर त्याची बोटं बघायला लोक यायचे. आणि वळणाऱ्यांची एक रीत आहे. ते चिरुटाचं टोक दातांनीच तोडतात. कापण्याबिपण्याचे चोचले वकिलांचे आणि कवळीवाल्यांचे. एवेलियो दाढेखाली टोक धरायचा, मान किंचित झटकायचा, आणि चिरुटाचं एक पानही उसवायचं नाही. पुढे कारखाना बंद पडला. तो घरी बसला आणि ओब्दुलियानं पदर खोचून दुकान मांडलं. गिऱ्हाईक ओढायला काहीतरी नवल हवं म्हणून तिनं बोटीवरून उतरलेलं हे यंत्र घेतलं आणि मोठ्या हौसेनं फळीवर ठेवलं.

एवेलियोचं डोकं फिरलं. महिनाभर रोज त्यावरून भांडणं झाली, आणि एक दिवस तो ओरडला, "वळणाऱ्याच्या घरात हे? उद्या मला दूध पाजायला बाटली आण!"

"घरात बसून चिरूट चावणाऱ्याला बाटलीच बरी," ओब्दुलिया म्हणाली. तिची जीभ त्या यंत्राच्या पात्याहून कमी नव्हती. "पुरुषमाणसं बोटीवर जातायत, कमावतायत. तू बस दात परजत."

दुसऱ्या दिवशी तो बोटीवर नाव नोंदवून आला. पाण्याला घाबरणारा माणूस. निघताना त्यानं यंत्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ज्या दिवशी मी या लोखंडी थोबाडात चिरूट घालीन, त्या दिवशी मी मेलो समज."

तिनं वळूनही पाहिलं नाही. ती तराजू पुसत होती.

ती बोट वादळात सापडली. फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणसं नाही. धक्क्यावर पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. आपापल्या माणसाचं नाव घरच्यांनी मोठ्यानं पुकारायचं अशी पद्धत होती, तसं ओब्दुलियानंही पुकारलं. घसा फुटेस्तोवर पुकारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीला, दुकानात ती एकटी असताना, पाठीमागे खट् झालं. तिनं वळून पाहिलं तर फळीपाशी कुणी नव्हतं आणि न्हाव्याच्या डोक्यावर वात जळत होती.

मेलो समज, म्हणाला होता. तो मेला आणि शब्द पाळायला इथे आला, असं ओब्दुलियाला वाटलं.

तेव्हापासून तिचा नेम सुरू झाला. फडताळावर मेलेल्यासाठी पाण्याचा पेला ठेवायचा, नाव घेऊन. नाव घेतल्याशिवाय ठेवलेलं पाणी मेलेल्याला पोचत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मग एवेलियोच्या आवडीचा जाडजूड चिरूट मोठ्या भोकाच्या तोंडाशी अलगद टेकवून ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मेलेलं माणूस आलं की त्याच्याकडे बघायचं नसतं, ते शरमतं आणि माघारी जातं. ओब्दुलिया भिंतीकडे बघत उभी राही. पाठीमागे खट् होई. भिंतीवर उजेड हले आणि विझे. ती वळून बघे तर चिरूट जसाच्या तसा, टोकासकट.

रोज यायचा, आणि रोज तिच्या हातचा चिरूट नाकारून जायचा. या एका गोष्टीनं ती आतून पोखरत गेली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, बहिणीच्या मुलीच्या बारशालासुद्धा गेली नाही, कारण दिवेलागणीला दुकानात असायला हवं. एकदा, फक्त एकदा त्यानं चिरूट घेतला की तिला माफी मिळाली असं ती समजणार होती.

शेजारी सोइला मासे तळायची. गावात ओब्दुलियाशी उलट बोलण्याची हिंमत फक्त तिची.

"अगं, वळणारा होता तो," सोइला म्हणायची. "जन्मभर दातांनी तोडलं त्यानं. त्या डबड्यात चिरूट ठेवतेस आणि वर रुसला म्हणतेस!"

"मेलेल्याला दात कुठले गं?" ओब्दुलिया फटकन म्हणायची. "आता त्याला न्हाव्याकडेच यायला हवं. त्यानं स्वतःच सांगितलं होतं."

यावर सोइला कढईत मासा उलटायची. गिऱ्हाइकांनी भीतीनं न्हाव्याला हात लावणंच सोडलं होतं. जो तो खिशातल्या चाकूनं टोक कापी. ओब्दुलियाच्या केसांत पांढरं आलं, नेम सुटला नाही.

मग एका वर्षी सोइलाचं शिवणयंत्र अडलं आणि ते दुरुस्त करायला ओल्गिन शहराहून सेराफिन नावाचा माणूस आला. बडबड्या, हसतमुख, बाहेरगावचा. काम संपवून, तेलकट हात पुसत तो तंबाखू घ्यायला नेमका दिवेलागणीला दुकानात शिरला. समोरच्या फुटपाथवरच्या लोकांनी हातवारे केले, ते त्याला राम राम वाटले. त्यानंही हात हलवला.

ओब्दुलिया भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"दोन्या, रागावलात की काय माझ्यावर?" सेराफिन म्हणाला. बाईमाणसाला ‘दोन्या’ म्हणायची तिथली अदबीची रीत. तेवढ्यात खट् झालं. "अरे वा! आपलं आपणच? स्प्रिंग सैल झालीय, दोन्या. मी बघतो हवं तर, हातासरशी होईल."

"हात लावशील तर हात तोडीन," भिंतीकडे बघतच ओब्दुलिया म्हणाली. "तो माझा नवरा आहे."

सेराफिननं एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे. तो काही वाईट माणूस नव्हता, पण दिसलं ते बोलून टाकायची त्याला खोड होती. "असेल बाई. पण तुमचा चिरूट मोठ्या भोकाशी आहे, आणि त्या भोकाला तर हिरवा गंज चढलाय. आत्ता दाबलं गेलं ते हे बारकं. हे बघा, कसं लखलखतंय! रोज कुणीतरी वापरत असल्यासारखं."

ओब्दुलिया वळली. वात अजून जळत होती. त्या उजेडात बारक्या भोकाची पितळी कड खरोखरच नव्या अंगठीसारखी चमकत होती.

एवेलियोनं आयुष्यात बारका चिरूट तोंडाला लावला नव्हता. बारका चिरूट म्हणजे काडी, असं तो म्हणायचा.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. आधी तिला संताप आला. इतकी वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले ती कुणासाठी? सकाळी उजाडताच ती सोइलाच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

"कोण मेला हा फुकट्या? माझ्या नवऱ्याच्या नावाचं पाणी, माझ्या दुकानातली वात, आणि येतो कोण तर भलताच!"

"बारके कोण ओढायचं?" सोइलानं विचार केला. "शाळेतली बाई ओढायची चोरून. पण ती जिवंत आहे, परवाच माझ्याशी माशावरून भांडली."

ओब्दुलिया हसली नाही. ती उभ्याउभ्या मागे मागे गेली, त्या जुन्या दिवसांत, दुकान नवं होतं तेव्हाच्या दिवेलागणीत. आणि तिला एक हात आठवला. चेहरा नाही, हातच. पोळल्याचे डाग पडलेला, दोन बोटं आखडलेली. तो हात रोज संध्याकाळी सगळ्यांत स्वस्त, बारका चिरूट घ्यायचा, यंत्रात घालायचा, आणि वात लागली की एक आवाज हळूच म्हणायचा, "देव तुमचं भलं करो, दोन्या." ती मान वर करायची नाही. ती त्या वेळी एवेलियोशी तरी भांडत असायची, नाहीतर एवेलियोवर मनात चरफडत तरी असायची.

"पोळलेला हात," ती म्हणाली. "सोइला, पोळलेल्या हाताचा कोण होता गं?"

सोइलाचा झारा हातातच राहिला. "बोटीवरचा आचारी! माझ्याकडून माशांची डोकी न्यायचा, रश्शाला. एवेलियोच्याच बोटीवर होता तो. अगं, तोही बुडाला की!"

"नाव काय त्याचं?"

सोइलाला नाव आठवेना. आचारीच म्हणायचे सगळे. धक्क्यावरच्या हमालांना विचारलं, त्यांनाही आठवेना. दूरच्या बेटांवरून आलेला परका माणूस, धक्क्याच्या शेडमध्ये राहायचा, पुढेमागे कुणी नाही. प्रार्थनेच्या दिवशी ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या घरच्यांनी पुकारलं, त्याला घरचं कुणी नव्हतं, तेव्हा त्याचं नाव कुणाच्याच तोंडून निघालं नाही. पाद्र्यालाही ते उमगलं नाही, गावालाही नाही. ओब्दुलिया त्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती, तिला तर नाहीच नाही.

ऐन उन्हात ती गावभर फिरली. तिचा राग कधी गळून पडला ते तिलाच कळलं नाही. नाव नाही, म्हणून पाणी नाही. पाणी नाही, म्हणून सुटका नाही. तो बिचारा रोज यायचा, एवेलियोच्या नावाचा पेला समोर बघायचा, आणि बारकं भोक दाबून, वात लावून, तहानलेला परत जायचा. गावात त्याला ओळखीचं ते एकच दार होतं. "आणि मी पाठ फिरवून उभी," ओब्दुलिया स्वतःशीच म्हणाली, रस्त्यातच, मोठ्यानं.

शेवटी चौकातल्या आंधळ्या लॉटरीवाल्यानं नाव सांगितलं. क्षणभरही विचार करावा लागला नाही त्याला.

"तिबुर्सिओ. खोकायचा जरा. बोटीवरनं उतरला की आधी माझ्याशी बोलायचा."

"तुला बरं लक्षात राहिलं!"

"तुम्हाला तोंडं दिसतात, दोन्या, म्हणून तुम्ही नावं विसरता. मला नाव तेवढंच मिळतं."

त्या संध्याकाळी फुटपाथवर रोजच्यापेक्षा जास्त माणसं जमली होती. बातमी गावात पसरायला कितीसा वेळ लागतो! ओब्दुलियानं फडताळावर दुसरा पेला ठेवला, काठोकाठ भरून. मग दुकानातला सगळ्यांत बारका चिरूट बारक्या भोकाशी टेकवला आणि आवाज फुटू न देता म्हणाली, "तिबुर्सिओ, हे तुझं. घे रे बाबा, उशीर झाला."

ती भिंतीकडे वळली. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर कुणीतरी खोकलं आणि दुसऱ्यानं त्याला दटावलं. मग खट् झालं, आणि त्यामागोमाग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुटलेलं टोक खालच्या ताटलीत पडल्याचा बारीक आवाज आला.

ओब्दुलियानं रीत मोडली. वळून पाहिलं. चिरूट कापला होता. वातीशी त्याचं टोक एकदा लाल झालं, कुणी पहिला झुरका घ्यावा तसं, आणि धुराची एक रेघ दाराकडे निघून गेली. वात विझली.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. नवऱ्यासाठी ती आकांत करून रडली होती, त्यात निम्मा राग होता. या परक्या माणसासाठी ती नुसतीच रडली.

दुसऱ्या दिवशी न्हावी बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जाडा चिरूट मोठ्या भोकाशी ठेवून ती भिंतीकडे बघत उभी राहिली आणि पाठीमागे नुसतं दुकान होतं, फळ्यांचं आणि डब्यांचं. तिबुर्सिओ गेला होता. आणि एवेलियो, हे तिला आता लख्ख कळलं, कधी आलाच नव्हता. निदान कुणीतरी यायचं इतकी वर्षं, आता तेही गेलं. त्या दुकानात उभं राहणं तिला असह्य झालं.

"कसा येईल तो?" दारातून सोइला म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "ज्या यंत्रावरून त्यानं घर सोडलं, त्याच्याच तोंडात तू त्याचा चिरूट ठेवतेस, बाई."

 ओब्दुलियानं मोठ्या भोकाशी टेकवलेला चिरूट उचलला, काडेपेटी घेतली आणि बंदराच्या कठड्यापाशी गेली. भरती होती. दगडांतून पांढरे खेकडे पळत होते. तिनं चिरूट दाढेखाली धरला. एवेलियोला हे करताना तिनं हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा नाक मुरडलं होतं. तिनं मान किंचित झटकली. टोक तुटलं, पान जरा उसवलं. कडू चव तोंडभर पसरली.

"दात तुला नसतील, एवेलियो," ती पाण्याकडे बघून म्हणाली. "माझे आहेत. यंत्र नको तर नको."

तिनं काडी ओढून चिरूट पेटवला, पेटतं टोक समुद्राकडे करून कठड्यावर ठेवला आणि पाठ फिरवून बसली. पेटवून ठेवून दिलेला चिरूट, कुणी ओढत नसेल, तर थोड्या वेळात आपोआप विझतो. हे चिरूट वळणाऱ्याच्या बायकोला कुणी सांगायला नको. ती त्या विझण्याचीच वाट बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं हात मागे नेऊन कठडा चाचपला. तिच्या बोटांना ऊन, मऊ राख लागली, टोकापर्यंत सबंध ओढलेल्या चिरुटाची.