जमीन हलत नाही

माझे धाकटे दीर कोळशाच्या खाणीत इंजिनिअर होते आणि फावल्या वेळात प्राचीन खगोलशास्त्रात डोकं घालत. दिवसभर जमिनीच्या पोटात, उरलेला वेळ आकाशात; मधल्या मजल्यावर मी एकटी, असं माझी जाऊ म्हणे.

खाणीच्या वरच टेकडीवर उभ्या दगडांची एक जुनी रांग होती. दगडांच्या माथ्यांवरून नजर लावली की ती क्षितिजावर एका जागी पोचे. ताऱ्यांच्या उगवायच्या जागा शतकानुशतकं सरकत जातात. त्या जागी एक ठळक तारा कधी उगवत होता, याचं गणित करून भावजींनी नोकरी लागताच जाहीर केलं, दगड तीन हजार वर्षांचे आहेत. हे जाणकारांनी मान्य करावं, एवढं एकच त्यांना आयुष्यात हवं होतं.

टेकडीच्या उतारावरच्या कामगार वस्तीत भिंतींना तडे जायला लागले. मुकादम तक्रार घेऊन आला की भावजी समजावत, जमीन हलत नाही, गिलावा कच्चा आहे. खाणीचं छत तोलायला ठेवलेले कोळशाचे खांबसुद्धा कंपनीने काढून घेतलेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण डोळ्यांवर कातडं ओढायचं म्हटलं की शिक्षण कुठे आड येतं?

भावजींच्या निवृत्तीच्या तोंडावर एक नामांकित प्राध्यापक एकदाचे टेकडीवर आले. मोजमापाचं सामान मुकादमाने वाहून आणलं, चहाचा थर्मास आम्ही दोघी जावांनी. प्राध्यापकांनी स्वतः मापं घेतली, गणित मांडलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "या हिशेबाने हे दगड अजून उभारायचेच आहेत. आणखी आठशे वर्षांनी."

भावजी दगडांकडे बोट दाखवत म्हणाले, "माझं माप चुकलेलं नाही. खालचे खांब काढले, जमीन सरकली, दगड कलले."

"मग आमच्या भिंती, साहेब?" मुकादम म्हणाला.

"त्याही. आता तुम्ही मध्ये बोलू नका."

मुकादमाने ते काही मनावर घेतलं नाही. तो साऱ्या गावभर बोलला. वर्षभरात वस्तीला भक्कम जमिनीवर नवी घरं मिळाली. कंपनीने भावजींना निरोपसमारंभाशिवाय घरी धाडलं. आणि प्राध्यापकांनी मत दिलं, दगड जागचे हललेत, तेव्हा त्यांच्यावरून कुठलाच काळ ठरवता येणार नाही.

मुकादम आभार मानायला आला, तेव्हा भावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"वहिनी, त्यांना सांगा, मी वस्तीसाठी काहीही केलेलं नाही."

"ठाऊक आहे त्यांना," मी म्हटलं. "तरी आलेत. उठा."