डावीकडची सीट

निवृत्तीने आयुष्यात जे जे विकत घेतलं ते शालनच्या नावावर घेतलं. पहिला पाण्याचा टँकर तिच्या नावावर घेतला आणि त्याच उन्हाळ्यात लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या बंगल्यांना पाणी कमी पडलं. टँकरला उसंत मिळाली नाही. तेव्हापासून त्याची खात्रीच झाली, की बायकोचं नाव लागलं की वस्तू फळते. मग पुढचे तीन टँकर, बेगडेवाडी स्टेशनामागची जागा, त्या जागेवरचं घर, सगळं शालनचं. ती सह्या करत गेली. कशावर करतेय हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी ती लाल गाडी आली तीही अशीच.

गाडी जर्मन, दोनच सीटची, जमिनीला टेकलेली. विशीत निवृत्ती तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर माळी होता. मालकाची तसलीच गाडी तो दर रविवारी धुवायचा. आत बसायची मनाई होती, म्हणून दारातून वाकून, पाय बाहेरच ठेवून आतली धूळ पुसायचा. टँकरचा धंदा वाढल्यावर परदेशी निघालेल्या एका बंगलेवाल्याने अशीच एक गाडी विकायला काढली, आणि निवृत्तीने घरात कुणाला न विचारता ती आणून दारात उभी केली. वाड्यावस्त्यांच्या रस्त्यावर तिचं पोट घासायचं. तरी तो तीच काढायचा.

गेल्या दिवाळीपासून मात्र तो एकटा बाहेर पडेनासा झाला. लोणावळ्याला बिलं द्यायला, पेट्रोल भरायला, अगदी दाढी करायलासुद्धा शालन बरोबर. ती हातातलं काम टाकून, पदर सावरत त्या बुटक्या गाडीत शिरायची. शेजारच्या झुंबरबाईने सगळ्या बायकांसमोर एकदा विचारलं, "शालन, पुढची गाडी एकाच सीटची घ्यायची का गं? मांडीवरच बसशील." बायका हसल्या. शालनही हसली. खरं काय ते न सांगायची तिला शपथ होती.

खरं असं होतं, की निवृत्तीला दिसत नव्हतं. साखर डोळ्यात उतरली होती. तळेगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं, की पडद्याच्या मधोमध सूज आहे, इंजेक्शनं घ्या आणि गाडी आजपासून बंद. बाहेर येऊन निवृत्तीने फाईल तिच्या पिशवीत टाकली आणि गाडीत बसला. तो चालताना बघणाऱ्याला त्याचं न दिसणं कळून यायचं नाही, कारण त्याला कडेचं दिसायचं, मधलं तेवढं पुसलेलं. चहा मात्र कपाच्या बाजूला सांडायचा. त्या दिवशी हायवेला लागल्यावर तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "समोर काय हाय, सांगत जा."

ती सांगायला लागली. ट्रक हाय. एसटी थांबली. डावीकडं सायकल. थांबा. आता चला. घरी आल्यावर त्याने तिला आपल्या गळ्याची शपथ घातली. ड्रायव्हरांना कळलं तर डिझेल चोरतील, बंगलेवाल्यांना कळलं तर दुसऱ्याचा टँकर बोलावतील, आणि आंधळा मालक म्हणून गाव दारात बसेल. मुलगी स्नेहल पुण्यात नोकरीला, नवऱ्याबरोबर तिकडेच राहणारी. तिलाही सांगायचं नाही.

शालनला आधी वाटलं, आपण आहोत ना शेजारी. हे वाटणं कार्ल्याच्या फाट्याजवळ संपलं. वाऱ्याने पदर तोंडावर आला, तिने तो ओढून काढला, तेवढाच वेळ. तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली एक बाई तिच्या बाजूच्या काचेला घासून मागे गेली. गवताची काडी आरशात अडकून राहिली. निवृत्ती कुठल्याशा वॉचमनची गंमत सांगत होता. त्याला काही कळलंच नव्हतं. शालनने त्याला सांगितलं नाही. घरी आल्यावर तिने ती काडी आरशातून काढली आणि पदराने आरसा पुसला.

गाडी विकायची, असं तिने दुसऱ्याच दिवशी काढलं. कारण स्वतःच्या गुडघ्यांचं दिलं. इतक्या खाली बसवत नाही, उठवत नाही. निवृत्तीने आठवडाभर ते टाळलं. मग म्हणाला, विकू, पण गाडी कळणाऱ्या माणसाला.

कशी विकायची, यावर घरात तीन मतं झाली. निवृत्तीचा पुतण्या स्वराज तळेगावात जुन्या गाड्यांची दलाली करायचा. तो म्हणाला, गाडी माझ्याकडे लावा, कोऱ्या फॉर्मवर काकूंच्या सह्या द्या, गिऱ्हाईक लागलं की त्याचं नाव चढवतो. तोवर गाडी कोण फिरवणार, हे शालनने विचारलं. तो हसून म्हणाला, गाडी उभी ठेवली तर खराब होते काकू. म्हणजे कुणीही फिरवणार आणि कुणाला उडवलं तर पोलिस शालनच्या दारात. दुसरी वाट पुण्यातल्या एका व्यापाऱ्याची. तो महागड्या जुन्या गाड्या जागेवर तपासून घ्यायचा आणि स्वतःच्या ट्रकवर चढवून न्यायचा, पण भाव पाडून मागायचा. तिसरी स्नेहलची. फोटो काढून इंटरनेटवर टाकायचे, सरळ मालकाकडून घेणारा येतो, भाव सगळ्यात चांगला.

शालनने फोनवर एवढंच विचारलं, "त्यात गाडी चालवून दाखवावी लागती का?"

"लागणारच ना आई. न चालवता कोण घेईल? आणि परक्याच्या हातात नाही द्यायची. बाबा चालवतील, तो शेजारी बसेल."

शालनने फोन ओट्यावर ठेवला. गाडीत सीट दोनच. गिऱ्हाईक डावीकडे बसलं की तिने कुठे बसायचं?

पुण्याच्या व्यापाऱ्याला देऊ, असं तिने तीनदा म्हणून पाहिलं. निवृत्तीने एवढंच विचारलं, की भंगारात घालायला आणली होती का. स्नेहलने फोटो टाकले आणि फोन यायला लागले. निवृत्तीला उलट चेव आला. रोज गाडी पुसायचा, फोनवर सांगायचा, या, जुन्या हायवेवर एक चक्कर मारून दाखवतो. पहिलं गिऱ्हाईक आलं त्या दिवशी शालनने किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसली. दोन तास सगळं घर किल्ली शोधत होतं; गिऱ्हाईक गेल्यावर ती सापडली, आणि तेव्हापासून निवृत्तीने ती खिशातच ठेवली. दुसरं यायच्या आधी तिने फोन करून गाडी विकली म्हणून सांगितलं. तिसरा रविवारी न सांगता आला.

तो आदिनाथ नावाचा, पिंपरीकडचा, तिशीतला मुलगा. चपला बाहेर काढून आला, चहा घेतला, शालनला मावशी म्हणाला. त्याची बायको आणि लहान मुलगी बाहेर त्यांच्या गाडीत बसून होत्या. मुलीने खिडकीतून हात हलवला. निवृत्तीने घाईने ठेवणीतला शर्ट चढवला. तो उठला, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून पायाने कड चाचपली आणि गाडीकडे गेला. बाहेर रविवारचा रस्ता. लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, मधेच रस्ता ओलांडणारी माणसं.

शालन त्याच्या मागोमाग गेली आणि आदिनाथच्या आधी दार उघडून डावीकडच्या सीटवर बसली.

निवृत्ती हसला. म्हणाला, हिला सवय झालीय. मग उतर म्हणाला. ती उतरली नाही. आदिनाथ दाराशी अवघडून उभा. मी नंतर बसतो, तो म्हणाला. निवृत्तीने इंजिन चालू केलं. सीटखाली सगळं थरथरलं.

"शालन, उतर म्हणलं ना. पावन्याला बसू दे."

"मी उतरले तर तुमाला रस्ता कोण सांगनार?"

ती हळूच बोलली होती, पण दार उघडं होतं. आदिनाथने तिच्याकडे पाहिलं, मग निवृत्तीकडे. पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग मागे वळून आपल्या मुलीकडे.

"काय बोलती तू," निवृत्ती म्हणाला.

"डोळ्यानं दिसत न्हाई यांना, दादा," शालन आदिनाथला म्हणाली. "दिवाळीपास्नं न्हाई. गाडी माझ्या नावावर हाय. हे चालवनार न्हाईत."

निवृत्तीने इंजिन बंद केलं. खाली उतरला आणि भिंतीला हात लावत लावत घरात गेला. आदिनाथ म्हणाला, मी फोन करतो मावशी. तो आता फोन करणार नाही, हे तिला कळत होतं.

चार दिवस निवृत्तीने ताट स्वतःच वाढून घेतलं. स्नेहल फोनवर रडली, मग आधी का नाही सांगितलंस म्हणून चिडली, आणि तिनेच पुण्याच्या व्यापाऱ्याला कळवलं. शालनची भीती तेवढ्याने कमी झाली नाही. आता हा पहाटेच एकटा निघाला तर? तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली. बातमी फुटलीच होती; ड्रायव्हर समोर येऊन काकू काकू करत होते आणि एकमेकांकडे बघत होते. नेहमीच्या एका बंगल्याचा पाण्यासाठी फोन आला नाही. निवृत्ती म्हणाला होता ते सगळं खरं होतं.

गुरुवारी व्यापाऱ्याचा माणूस ट्रक घेऊन आला. त्याने गाडी उभ्या उभ्या तपासली, फोनवर फॉर्म भरला, शालनची सही घेतली. मग म्हणाला, ओटीपी येईल, नंबर सांगा. नाव शालनचं असलं तरी सगळीकडे फोन निवृत्तीचा दिलेला. तो ओसरीवर बसला होता. त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने तो काढला, नाकाशी धरला, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहिला. माणूस थांबून राहिला. शेवटी निवृत्तीने फोन पुढे केला, शालन उभी नव्हती त्या बाजूला. तिने वळसा घालून तो घेतला आणि सहा आकडे वाचले.

गाडी साखळीने ओढून ट्रकवर चढवली, चाकांना पट्टे बांधले. माणसाने कागद शालनच्या हातात दिले. ट्रक ओसरीपासून दहा पावलांवर उभा होता आणि त्यावर ती लालभडक गाडी, उन्हात.

"चढवली का?" निवृत्तीने विचारलं.

शालनने त्याच्याकडे पाहिलं. तो ट्रकच्याच दिशेला तोंड करून बसला होता. एवढं तरी दिसत असेल, असं ती इतके दिवस धरून चालली होती. कार्ल्याचा फाटा, घाटाची वळणं, शनिवारची गर्दी, सगळं तिच्या अंगावर एकदम आलं.

"व्हय," ती म्हणाली, "चढवली," आणि त्याच्याजवळ पायरीवर बसली.