नळाखालची ओंजळ

माझे बाबा नगरपालिकेत फिटर होते. पांढुर्ण्याच्या कितीतरी गल्ल्यांत त्यांनीच नळ बसवले. पण नळाखाली ओंजळ धरून पाणी पिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कुठंही जायचं असो, पिशवीत स्टीलचा गिलास असायचाच. मला तो नखरा वाटायचा. आणि त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

या उन्हाळ्यात लकव्यानं त्यांच्या उजव्या हाताची पकड ढिली पडली. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. एका सकाळी मी घाईघाईनं ड्रम भरत होते, तेव्हा बाबा गिलास घेऊन आले. भरलेला गिलास हातातून निसटला. पुन्हा भरला, पुन्हा निसटला. माझं तोंड आधीच फाटकं. म्हटलं, "किती सांडून राहिले बाबा? नळ चालू हाय न समोर, ओंजळ धरा अन् प्या!"

ते रिकामा गिलास घेऊन आत गेले. दुपारपर्यंत त्यांनी पाणी मागितलं नाही.

मला लाज वाटत होती, पण माफी मागायची सोडून मी मास्तरकी करायला गेले. मी शाळेत मराठी शिकवते. खाटेशी बसून सांगितलं, की नळ हा शब्द लोखंडाच्या आधीचा आहे. मुळात ते पोकळ दांड्याचं गवत, बोरूच्या जातीचं. नळी, नाळ ही त्याच घरातली. पोकळ दांड्याचं नाव पुढं पाणी नेणाऱ्या लोखंडाला मिळालं.

"मले माहीत हाय," बाबा म्हणाले. "आमच्या गावात, सौसरकडे, आमच्या जातीच्या माणसाले विहिरीले हात लावू देत नव्हते. वरच्या जातीचे लोक वर उभे राहून बांबूच्या पुंगळीतून पाणी सोडत. खाली माही माय अन् मी ओंजळ धरून बसत जाओ. पुंगळी त्यायची, ओंजळ आमची. तवाच ठरवलं, असं पाणी पुन्हा प्यायचं नाही."

शब्दाचा हा अर्थ मी वर्षानुवर्षं मुलांना पुस्तकातून सांगत आले. आणि ज्यांनी तो ओंजळीत झेलला, त्यांना मी सकाळी तहानलेलं आत पाठवलं होतं. मला रडू आवरेना. गिलास भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, अर्धा सदऱ्यावर सांडला, पण स्वतःच्या हातानं प्याले.

पुढच्या वेळी नळ आला तेव्हा सवयीनं मी ओंजळ पुढं केली, आणि बाबांना पाहून मागं घेतली.

"पी न," ते म्हणाले. "हा नळ म्या बसवला. याच्या वर कोनी उभं नाही."